जुन्या गाडीत इलेक्ट्रिक मोटर बसवताना: अडॅप्टर प्लेट, कप्लर आणि माउंटिंग

लेथमास्तर

कन्व्हर्जनवरच्या चर्चा बॅटरी आणि कंट्रोलरपाशी सुरू होऊन तिथेच संपतात. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या वीतभर जागेबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, आणि गाड्या बसतात त्या बहुतेक तिथेच. हा धागा त्या जागेपुरता: मोटर गिअरबॉक्सवर बसवणारी जाड अडॅप्टर प्लेट, दोन्हींचे शाफ्ट जोडणारा कप्लर आणि मोटरला आधार देणारं माउंटिंग. इंजिन काढायचं, मूळ मॅन्युअल गिअरबॉक्स ठेवायचा आणि त्याला मोटर जोडायची, असं धरून चाललोय.

सगळ्यात आधी मापं, तीही इंजिन गाडीत असतानाच. इंजिन भंगारात गेल्यावर टेप काढणं म्हणजे वरातीमागून घोडं.

१. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची. शेवटी वजन किती आणि कुठे बदललं ते यावरूनच कळतं.
२. गिअरबॉक्सची चासीपासूनची उंची आणि त्याचा तिरपेपणा. डिजिटल अँगल गेज बेलहाऊसिंगच्या (गिअरबॉक्सचा इंजिनाकडचा, क्लच झाकणारा घंटेसारखा भाग) मशीन केलेल्या कडेवर ठेवून घ्या. गिअरबॉक्स पुढे जागच्या जागी राहिला तर ड्राइव्ह शाफ्टचे कोन बदलत नाहीत आणि सीव्ही जॉइंटचा (त्या शाफ्टच्या टोकांचा वळता सांधा) प्रश्नच उद्भवत नाही.
३. फ्लायव्हीलचा क्लच घासतो तो पृष्ठभाग आणि इंजिन ब्लॉकची मागची कड यांतलं अंतर. सरळ पट्टी आडवी धरून डेप्थ गेजने तीन ठिकाणी घ्या. क्लच ठेवणार असाल तर प्लेट आणि कप्लर मिळून हेच अंतर पुन्हा यायला हवं, ०.५ मिमीच्या आत. ते कमीजास्त झालं की रिलीज बेअरिंगचा (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) प्रवास चुकतो. मग क्लच एक तर पूर्ण सुटत नाही, नाही तर पूर्ण धरत नाही.
४. क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारं छोटं बेअरिंग) आहे का ते पाहा. आडव्या (गाडीच्या रुंदीत बसवलेल्या) इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत ते नसतं, कारण तिथला इनपुट शाफ्ट गिअरबॉक्समधल्या दोन बेअरिंगांवर पुरेसा पेललेला असतो. मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत इनपुट शाफ्ट लांब असतो आणि त्याचं टोक क्रँकमध्ये टेकलेलं असतं. तिथे तो आधार कप्लरमध्ये द्यावाच लागतो.

प्लेटसाठी ६०६१-टी६ अॅल्युमिनियम, १५ ते २० मिमी. १० मिमीच्या प्लेटवर साठ-सत्तर किलोची मोटर लटकवली की प्लेट लवते, आणि ते लवणं डोळ्यांना दिसत नाही, बेअरिंगला दिसतं.

---

चौकसबाई

छान धागा. एक प्राथमिक शंका: मोटर किती ताकदीची लागते हे आधी कसं ठरवायचं? दुकानदार किलोवॅट सांगतात, आणि त्यावरून चढावर गाडी चढेल की नाही काही कळत नाही.

---

टॉर्करेंच

ताई, किलोवॅट (शक्ती) आणि न्यूटन-मीटर (टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर) यांचे हिशेब वेगळे करायचे. सपाट रस्त्यावरचा वेग किलोवॅटवर, चढ न्यूटन-मीटरवर.

उदाहरण म्हणून १२०० किलोची गाडी, चाकाची त्रिज्या ०.३ मीटर, अंतिम गुणोत्तर ४, दुसरा गिअर २.०.

२० टक्के चढावर गाडी मागे खेचणारं बल सुमारे २३०० न्यूटन. टायरचा घर्षणरोध आणखी दीडशेच्या आसपास. एकूण २४५० न्यूटन, म्हणजे चाकांपाशी ७३५ न्यूटन-मीटर. दुसऱ्या गिअरात एकूण गुणोत्तर ८, गिअरबॉक्समधली घट धरून ते ७.४ धरा. मोटरकडून लागले १०० न्यूटन-मीटर. हा आकडा नुसता तोल सांभाळायचा आहे. चढावर थांबलेली गाडी उठवायची तर दीडशे तरी हाताशी हवेत.

सपाटीवर १०० किमीच्या वेगाला, हवेला सामोरं जाणारं परिणामी क्षेत्र ०.७ चौमी धरलं तर हवेचा रोध ३२५ न्यूटन, टायरचा १४० च्या आसपास. मिळून १३ किलोवॅट, तोट्यासकट १५. म्हणजे सतत २० किलोवॅट झेपणारी मोटर अशा गाडीला पुरते. दुकानदार सांगतात तो आकडा बहुधा शिखराचा, जेमतेम मिनिटभर टिकणारा. सततचा आकडा मागा आणि तो कोणत्या थंडाव्यावर दिलाय तेही विचारा.

आरपीएमही जुळवा. ०.३ मीटरचं चाक १०० किमीला मिनिटाला ८८४ फेरे घेतं. चौथा गिअर १:१ असेल तर मोटर ३५०० वर, दुसऱ्या गिअरात ७०७० वर. निसान लीफची मोटर दहा हजारांच्या वर फिरते (८० किलोवॅट, सुरुवातीच्या गाड्यांत २८० न्यूटन-मीटर, नंतरच्यांत २५४). पण जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, त्याचं ऑइल सील आणि बेअरिंग सहा-सात हजारांसाठी केलेलं असतं. कंट्रोलरमध्ये आरपीएमची मर्यादा गिअरबॉक्स बघून घाला, मोटर बघून नव्हे.

---

उजवा_आटा

त्याचीच दुसरी बाजू. पहिल्या गिअरात टॉर्क कापायला हवा. पुढच्या आसावर ६०० किलो भार आणि कोरडा रस्ता धरला तर टायर सुमारे १४०० न्यूटन-मीटरला घसरायला लागतात. पहिल्या गिअरात एकूण गुणोत्तर १४ असेल तर मोटरचे १०० न्यूटन-मीटर झाले की टायर फिरतो. २५० ची मोटर तिथे सगळी ताकद लावते ती रबर जाळायला आणि डिफरन्शियलचे दाते खायला. दुसऱ्यात ही मर्यादा १७५ च्या आसपास येते. त्यामुळे सरळ दुसऱ्या गिअरात सुरुवात करावी, पहिला फक्त तीव्र चढासाठी.

---

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. क्लच ठेवायचा की काढायचा यावर एकमत आहे का? एका ठिकाणी वाचलं की इलेक्ट्रिकला क्लच लागतच नाही.

---

लेथमास्तर

एकमत नाही, आणि ते होणारही नाही. गाडी सुरू करताना क्लच लागत नाही हे खरं, मोटर शून्य आरपीएमपासून ओढते. प्रश्न गिअर बदलण्याचा आहे.

क्लच काढला तर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटही काढा. नुसती प्रेशर प्लेट काढून फ्लायव्हील ठेवलं तर गिअर टाकताना रोटर आणि फ्लायव्हील दोन्हींचा वेग सिंक्रो रिंगला (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी रिंग) एकटीला उतरवावा लागतो, आणि पितळेची ती रिंग लवकर झिजते. फ्लायव्हील नसताना निव्वळ रोटर उरतो. अॅक्सिलरेटर सोडायचा, न्यूट्रलला आणायचं, क्षणभर थांबायचं, हलक्या हाताने पुढचा गिअर. एक-दीड सेकंद जातो. या वेळी कंट्रोलर रीजेन (पाय सोडल्यावर मोटरने उलटा टॉर्क देऊन बॅटरी भरणं) देत असेल तर गिअर न्यूट्रलला सुटतच नाही, दात एकमेकांवर दाबलेले राहतात. म्हणून गिअरच्या दांड्यावर एक छोटं बटण ठेवून दाबताच टॉर्क शून्य करायची सोय करावी.

क्लच ठेवला तर फ्लायव्हील लेथवर हलकं करून घ्या आणि प्रेशर प्लेटसकट बॅलन्स करून घ्या. फायदा दोन ठिकाणी: गिअर पटकन पडतो, आणि अचानक टॉर्क आला तर क्लच आधी घसरतो, गिअरबॉक्स वाचतो. तोटा म्हणजे लांबी, वजन आणि आणखी एक झिजणारी वस्तू.

माझा कल क्लच काढण्याकडे. अपवाद सीरिज वाउंड डीसी मोटर (फील्ड आणि आर्मेचरची वाइंडिंग एकापाठोपाठ जोडलेली) आणि डोंगराळ रस्ता एकत्र आले तर.

---

गिअरगप्पा

इथे असहमत. सीरिज डीसीला क्लच असेल तर धोका वाढतो. या मोटरवरचा भार सुटला की वेगाला अंगभूत मर्यादा नसते. अॅक्सिलरेटर दाबलेला असताना क्लच दाबला की काही क्षणांत कम्युटेटरचे बार बाहेर फेकले जातात. क्लच ठेवायचाच असेल तर आरपीएम सेन्सर आणि कंट्रोलरमध्ये वेगमर्यादा हवीच. बाकावर चाचणीसुद्धा १२ व्होल्टवरच, मोटर क्लॅम्पने घट्ट बांधून. पूर्ण व्होल्टेजवर रिकामी फिरवायची नाही, एक सेकंदही नाही.

---

लेथमास्तर

हे बरोबर. वरचा अपवाद वेगमर्यादा असलेल्या कंट्रोलरसाठीच समजावा.

सीरिज डीसीवरच आहोत तर दिशाही पाहून घ्या. बहुतेक मोटरांत ब्रश एका दिशेसाठी थोडे सरकवलेले असतात. उलट दिशेने चालवली तर कम्युटेटरवर ठिणग्या पडतात आणि तो काळा पडतो. जुन्या होंडा गाड्यांची इंजिनं इतरांच्या उलट फिरतात. अशा गाडीत मोटर घेण्याआधी ब्रशची जागा बदलता येते का ते पाहा. एसी इंडक्शन किंवा कायम चुंबकाच्या मोटरला ही अडचण नाही, दिशा कंट्रोलरमध्ये ठरते.

---

निळीठिणगी

कप्लरबद्दल सविस्तर लिहा ना. शाफ्टला चावी आणि वरून ग्रब स्क्रू एवढं बास नाही का? पंपांना तर तसंच असतं.

---

लेथमास्तर

पंप एकाच दिशेने ढकलतो. गाडीत अॅक्सिलरेटर दाबला की टॉर्क एकीकडे, सोडला की रीजेनमुळे दुसरीकडे, दिवसभर. ३८ मिमी शाफ्टला १० × ८ ची चावी असते. २५० न्यूटन-मीटरला तिच्यावर साधारण १३ किलोन्यूटन येतं, आणि ४० मिमी लांबीची चावी तेवढं सहज पेलते. चावी तुटत नाही. ती घासून सैल होते. आधी सूतभरही नसलेली फट, मग दर वेळी ठोका, मग चावीची खाच रुंद, आणि शेवटी शाफ्टच खराब. ग्रब स्क्रू फक्त पुढेमागे सरकणं रोखतो, तेही काही दिवस.

म्हणून हबने शाफ्ट आवळून धरायला हवा. दोन पद्धती.

टेपर लॉक बुश: काढता-घालता येतं, मोजमापात थोडी माया मिळते. बोअर आणि टेपर स्पिरिटने पुसून कोरडे करा, टेपरवर ग्रीस नको. स्क्रू आलटून पालटून, ठरलेल्या टॉर्कला. एकदा आवळून झालं की हबवर लाकूड धरून ठोका आणि पुन्हा आवळा, दुसऱ्या फेरीत स्क्रू थोडे आणखी फिरतातच. एक लक्षात ठेवा: आवळताना हब शाफ्टच्या लांबीच्या दिशेने सरकतो. लांबीचं माप आवळल्यानंतरचं धरायचं.

गरम करून बसवणं: बोअर शाफ्टपेक्षा ०.०२ ते ०.०४ मिमी लहान. ३८ मिमीचा पोलादी बोअर तापमान १५० अंशांनी वाढवलं की सुमारे ०.०६५ मिमीने उघडतो, तेवढ्यात हब सरकन बसतो. थांबायची जागा आधी ठरवलेली हवी, कारण चार-पाच सेकंदांत तो धरतो. बसल्याबसल्या ओल्या फडक्याने शाफ्टची मोटरकडची बाजू थंड ठेवा, नाही तर उष्णता बेअरिंगच्या ग्रीसपर्यंत आणि कायम चुंबकाच्या मोटरमध्ये चुंबकांपर्यंत जाते. हबच्या तोंडावर पुलरसाठी एम८ चे दोन आटे आधीच पाडून ठेवा. हे बहुतेक जण विसरतात.

साहित्य ईएन२४ पोलाद. ईएन८ छोट्या मोटरला चालून जातं.

दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची स्प्लाइन (शाफ्टवरचे लांबट दाते). ती नव्याने कापत बसण्यापेक्षा त्याच गाडीच्या नव्या क्लच प्लेटचा मधला हब काढून कप्लरला बसवतात. वापरलेल्या प्लेटचा घेऊ नका, तिच्या दात्यांना आधीच ढिलाई असते. हब वेल्ड केला तर नंतर पुन्हा लेथवर लावून स्प्लाइनचा मध्य तपासा, वेल्डिंगने तो हमखास ओढला जातो. बोल्टने बसवणं जास्त चांगलं.

स्प्लाइनवर मॉलिब्डेनमची पेस्ट, पातळ थर. कोरडी ठेवली तर लालसर गंजासारखी पूड पडते आणि दाते बारीक होत जातात. वीस-तीस हजार किमीनंतर एकदा उघडून बघण्याजोगी जागा आहे ही.

---

चौकसबाई

क्लच प्लेटच्या स्प्रिंगा ठेवायच्या की काढायच्या?

---

टॉर्करेंच

जागा असेल तर ठेवा. टॉर्कची दिशा उलटते त्या क्षणी बसणारा ठोका त्या खातात. स्प्रिंगा काढून सरळ घट्ट जोड केला तर कंट्रोलरमध्ये टॉर्क शून्यातून जाताना हळू जाईल अशी रॅम्प लावा, १०० ते २०० मिलिसेकंद. पायाला फरक जाणवत नाही, डिफरन्शियलला जाणवतो.

---

निळीठिणगी

आता मुख्य प्रश्न. प्लेटचा मध्य जुळवायचा कसा? बेलहाऊसिंगचा साचा पुठ्ठ्यावर काढून भोकं पाडली तर किती फरक पडेल?

---

लेथमास्तर

पुठ्ठ्याने एक मिलिमीटर सहज चुकतं आणि इथे गोष्ट शतांशांची आहे. पुठ्ठा फक्त बाहेरच्या आकारासाठी.

आधी हे पक्कं करा की जागा ठरवतात ते डॉवेल (घट्ट बसणाऱ्या पोलादी पिना). बोल्ट फक्त दाबून धरतात. बोल्टची भोकं अर्धा-एक मिमी मोठी ठेवली तर काही बिघडत नाही, उलट तीच उपयोगी पडतात.

क्रम असा:

पहिलं, गिअरबॉक्सचा मध्य शोधा. इनपुट शाफ्टच्या टोकावरून मध्य घेऊ नका. पुढचा आधार नसताना ते टोक हाताने हलतं. इनपुट बेअरिंगच्या रिटेनरची बाहेरची गोलाई मशीन केलेली असते. तिच्यावर सरकणारा बुश लेथवर बनवा, त्याच्या बाहेरच्या गोलाईवरून प्लेटमधलं मोठं भोक बेतून घ्या. बेलहाऊसिंगला स्वतःचा मशीन केलेला बोअर असेल तर काम आणखी सोपं.

दुसरं, मोटर उभी करा, शाफ्ट वर. आडवी ठेवून मोजलं तर डायल गेजचा दांडा स्वतःच्या वजनाने लवतो आणि खालच्या बाजूला खोटा आकडा देतो. आधी नुसत्या शाफ्टचं रनआउट (फिरताना मध्यापासून होणारं डगमगणं) बघा. ०.०३ मिमीच्या आत हवं. मग कप्लर बसवून त्याचं, ०.०५ च्या आत. जास्त आलं तर कप्लर काढून अर्धा फेरा फिरवून बसवा (चावी नसलेल्या जोडात हे जमतं) आणि जास्तीत जास्त आकडा कुठे येतो ते पाहा. तो कप्लरबरोबर फिरला तर दोष कप्लरचा. जागेवर राहिला तर शाफ्टचा.

तिसरं, प्लेट मोटरवर ठेवा, बोल्ट हातानेच लावा. डायल गेजचा चुंबकी पाया कप्लरवर. प्लेट अॅल्युमिनियमची, तिला चुंबक धरत नाही आणि धरला असता तरी उपयोग नव्हता. गेजचं टोक प्लेटच्या बोअरला लावून शाफ्ट पूर्ण फिरवा. आकड्यांतला एकूण फरक ०.१० मिमीपेक्षा कमी यायला हवा, म्हणजे मध्य ०.०५ ने चुकलेला. प्लॅस्टिकच्या हातोडीने प्लेट ठोकत ठोकत आणा. सगळे बोल्ट आवळा आणि पुन्हा मोजा. आवळताना प्लेट हलते, नेहमी.

चौथं, आवळलेल्या अवस्थेतच डॉवेलची दोन भोकं प्लेट आणि मोटरच्या तोंडातून एकदम रीमरने पूर्ण करा, १० मिमी, शक्य तितकी समोरासमोर. नंतर किती वेळा सोडली-बसवली तरी मध्य परत येतो.

पाचवं, तोच गेज प्लेटच्या पृष्ठभागावर लावून सपाटी पाहा. मध्य जुळला पण तोंड तिरकं असेल तर कप्लर दर फेऱ्याला वाकतो. याचं कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असतं: भोकाच्या काठाला उरलेली धातूची बर (कुसळ), रंगाचा थेंब, जुन्या गॅस्केटचा तुकडा.

इंजिनाच्या गाड्यांत, क्लच असताना, ०.२५ मिमीपर्यंतचं रनआउट चालवून घेतात. थेट कप्लरला ते चालत नाही. तिथे चुकलेला प्रत्येक शतांश मोटरच्या पुढच्या बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगवर येतो.

---

उजवा_आटा

यात एक भर: शाफ्टच्या टोकाची फट. इनपुट शाफ्ट आणि कप्लरचा तळ यांत २ ते ३ मिमी मोकळं हवं. नसेल तर बोल्ट आवळताना शाफ्ट रोटरला मागे ढकलतो, सगळा भार बेअरिंगच्या बाजूवर येतो आणि गरम झाल्यावर तो वाढतो. तपासायला कप्लरच्या तळाशी मुलांची खेळायची माती ठेवा, प्लेटसकट सगळं आवळा, सोडा, आणि उरलेली माती कॅलिपरने मोजा. हे आवळताना हाताने मोटर फिरवत राहायची. फिरणं जड झालं की तिथेच थांबायचं. बोल्टने ओढून बसवायचा जोड हा नाहीच.

पायलटबद्दल. क्लच काढला असेल तर कप्लर आणि इनपुट शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, पायलटमध्ये घसरणं होतच नाही. अशा ठिकाणी बॉल बेअरिंग घातलं तर गोळ्या एकाच जागी थरथरत राहतात आणि रिंगवर खळगे पडतात. साधा ब्राँझचा बुश घाला.

अॅल्युमिनियममधल्या आट्यांची खोली बोल्टच्या व्यासाच्या दीड ते दुप्पट. वारंवार उघडायचा जोड असेल तर स्टीलचे इन्सर्ट आधीच टाका. एम१० ला साधारण ४५ न्यूटन-मीटर लावतात ते पोलादात, ८.८ ग्रेडचा बोल्ट असताना. अॅल्युमिनियममध्ये त्याहून कमी.

---

वाचनमात्र

माउंटिंगचं काय? मोटर इंजिनापेक्षा हलकी, मग मूळ माउंटच पुरतील ना?

---

टॉर्करेंच

वजनाला पुरतील, टॉर्कचं वेगळं. इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. मोटर २५० ची आहे म्हणून माउंटवर २५० येतात असं धरतात. आडव्या रचनेत डिफरन्शियल त्याच खोक्यात असतं, त्यामुळे माउंटवर आसाचा अख्खा टॉर्क उलटून येतो. टायर घसरेपर्यंत १४०० न्यूटन-मीटर. टॉर्क रॉड (खोकं उलटू नये म्हणून चासीला जोडलेला दांडा) अर्धा मीटर लांब बसवला असेल तर त्याच्यावर २८०० न्यूटन, आणि अचानक पाय दाबला तर क्षणभर त्याहूनही जास्त. उभ्या रचनेत (मोटर-गिअरबॉक्स गाडीच्या लांबीत, ओढणारी चाकं मागची) गिअरबॉक्सच्या माउंटवर मोटरचा टॉर्क गुणिले गिअर एवढं येतं, बाकीचं मागचा आस घेतो.

इंजिन रीजेन करत नव्हतं. मूळ रबर एकाच दिशेच्या ओढीसाठी ओतलेलं असतं, उलट बाजूला त्यात पोकळी असते. म्हणून टॉर्क रॉडचा बुश दोन्हीकडे भरीव असलेला घ्या.

मोटरच्या शेपटाला आधार द्या, पण सगळ्यात शेवटी. आधी गिअरबॉक्स मूळ माउंटवर मोजलेल्या उंचीला. मग मोटर जोडा. मोटर जॅकवर सैल असतानाच शेपटाचा ब्रॅकेट लांबट भोकांसह जागेवर आणा, रबर ताणलं-दाबलं जाणार नाही असा आवळा. ब्रॅकेट आधी पक्का करून मोटर ओढून आणली तर घेतलेले सगळे शतांश वाया.

रबरावर बसलेली मोटर चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेली असते. मोटरच्या आवरणापासून चासीपर्यंत जाड वेणीची अर्थिंग पट्टी हवीच.

---

निळीठिणगी

विजेच्या बाजूचं मी लिहिते, फक्त मोटर बसवण्याशी संबंधित तेवढं.

फेजच्या तीनही केबल सारख्या लांबीच्या, शक्य तितक्या आखूड, एकत्र बांधलेल्या. जाळीचं आवरण दोन्ही टोकांना अर्थ. लग (केबलच्या टोकाचे भोकाचे तुकडे) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबायचे, सोल्डर नको, गरम झाल्यावर ते मऊ पडतं. नट टॉर्क पान्याने, वर रंगाची रेघ. रेघ तुटलेली दिसली की नट सैल झालाय.

रिझॉल्व्हर किंवा एन्कोडरच्या (रोटरची जागा सांगणारे सेन्सर) तारा फेज केबलपासून लांब, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. पहिल्यांदा मोटर फिरण्याऐवजी थरथरली, गुरगुरली आणि करंट भराभर वाढला तर यांत्रिक दोष शोधत बसू नका. फेजचा क्रम आणि रिझॉल्व्हरची दिशा जुळत नाही, किंवा ऑफसेट कोन चुकलाय.

प्रीचार्ज (मुख्य स्विच लावण्याआधी कंट्रोलरचा कपॅसिटर रेझिस्टरमधून हळू भरणं) विसरून चालणार नाही. कंट्रोलरमध्ये १००० मायक्रोफॅरड आणि पॅक ३५० व्होल्टचा असेल तर १०० ओहमच्या रेझिस्टरने अर्ध्या सेकंदात कपॅसिटर भरतो, सुरुवातीचा करंट साडेतीन अँपिअर. रेझिस्टरविना मुख्य कॉन्टॅक्टर लावला तर त्याचे संपर्क चिकटतात, आणि चिकटलेला कॉन्टॅक्टर किल्ली काढल्यावरही बंद होत नाही.

इन्सुलेशन: यूएन नियम १०० मध्ये डीसीला प्रति व्होल्ट १०० ओहम, एसीला ५०० ओहम अशी किमान अट आहे. मोटर-इन्व्हर्टरचं (इन्व्हर्टर म्हणजे एसी मोटरचा कंट्रोलर) सर्किट जोडलेलंच असतं म्हणून ५०० धरून चाला. ३५० व्होल्टला १७५ किलोओहम. नव्या, कोरड्या मोटरने याहून कितीतरी जास्त, मेगाओहममध्ये दाखवायला हवं. मेगर (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशन मोजणारं यंत्र) फक्त मोटरच्या वाइंडिंगवर, इन्व्हर्टर आणि बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) सोडवून. जोडलेलं असताना मेगर लावला तर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जातं.

हात घालण्याआधी सर्व्हिस डिस्कनेक्ट काढा, पाच मिनिटं थांबा, मीटरने बघा. ६० व्होल्ट डीसीच्या खाली आल्याशिवाय झाकण उघडू नका. मीटर आधी चालू बॅटरीवर तपासलेला असावा.

---

गिअरगप्पा

थंडाव्याबद्दल दोन ओळी. पाणी आधी इन्व्हर्टरमधून, मग मोटरमधून. इन्व्हर्टरला गार पाणी लागतं, मोटर थोडी गरम चालते. ग्लायकॉल-पाणी निम्मंनिम्मं, प्रवाह मिनिटाला ८-१० लिटर. टाकी सर्वांत उंच जागी, आणि मोटरची नळीची तोंडं वर येतील अशी मोटर फिरवून बसवा, नाही तर आत हवा अडकते. प्लेटवर मोटरची भोकं पाडण्याआधी हा विचार व्हायला हवा, नंतर कोन बदलता येत नाही. टर्मिनल बॉक्सचंही तेच.

इंजिनाबरोबर ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूमही गेला. इलेक्ट्रिक पंप, टाकी आणि व्हॅक्यूम स्विच लावल्याशिवाय गाडी ढकलूनसुद्धा अंगणाबाहेर काढू नये.

---

चौकसबाई

पहिल्यांदा फिरवताना क्रम काय ठेवायचा? आणि कुठल्या आवाजावरून काय समजायचं?

---

लेथमास्तर

ओढणारी चाकं अधांतरी, गाडी घोड्यांवर (स्टँडवर). न्यूट्रलमध्ये, करंटची मर्यादा अगदी खाली, ५०० आरपीएम. दिशा बघा. मग १०००, २०००, प्रत्येक टप्प्यावर पाच मिनिटं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या पुढच्या बेअरिंगच्या जागी आणि मूठ कानाला. इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढचं आणि मागचं बेअरिंग मोजा. पुढचं मागच्यापेक्षा १५-२० अंशांनी तापायला लागलं तर मध्य किंवा शाफ्टच्या टोकाची फट चुकलीय. त्यानंतर गिअरात.

आवाजांचं:

वेगाबरोबर वाढणारी थरथर, न्यूट्रलमध्येही आहे, मोटर एकटी सोडवली तरी आहे: कप्लर किंवा फ्लायव्हीलचं बॅलन्स.

मोटर एकटी शांत, गिअरबॉक्स जोडला की थरथर: मध्य जुळलेला नाही.

पाय सोडल्यावर एकच टक्क: चावी किंवा स्प्लाइनची ढिलाई, नाही तर टॉर्क रॉडचा बुश. ब्रेक दाबून गाडी रोखून, हलका टॉर्क पुढे-मागे देताना दुसऱ्याने खाली बघावं. अख्खं खोकं हलत असेल तर बुश. खोकं स्थिर आणि तरी टक्क येत असेल तर कप्लर.

बारीक शिट्टी, टॉर्कबरोबर बदलते, वेगाबरोबर नाही: इन्व्हर्टरची स्विचिंग फ्रीक्वेन्सी. दोष नाही.

गिअरचा गुंगाट: बहुधा तो आधीही होता, इंजिनाच्या आवाजाखाली दबलेला. तेल बदलून पाहा, त्यात चुरा असेल तरच गिअरबॉक्स उघडा.

---

उजवा_आटा

आणखी एक आवाज. काही हजार किमीनंतर, आधी शांत असलेल्या मोटरच्या बेअरिंगमधून वाळूसारखी खरखर. रिंगवर बारीक समांतर रेघा दिसल्या तर शाफ्टमधून बेअरिंगमार्गे वीज वाहतेय. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटरांना हे होतं. शाफ्टला अर्थिंगचा ब्रश बसवावा. नुसतं बेअरिंग बदललं तर नवंही तसंच जातं. औद्योगिक मोटर गाडीत वापरली असेल तर याची शक्यता जास्त, कारण साध्या लाइनवर चालणाऱ्या मोटरांत ही सोय बहुधा नसते.

---

वाचनमात्र

सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न: जोडणी झाल्यावर पुन्हा कधी आणि काय काय आवळायचं?

---

टॉर्करेंच

पहिल्या ५०० किमीनंतर प्लेटचे, माउंटचे आणि टॉर्क रॉडचे बोल्ट. टॉर्क रॉड पहिल्यांदा सैल होतो. टेपर लॉकचे स्क्रू बाहेरून पोचत नाहीत, म्हणून बेलहाऊसिंगच्या खालच्या बाजूला ५० मिमीचं तपासणीचं भोक ठेवून त्यावर रबरी झाकण लावा. क्लच काढला असेल तर रिलीज फोर्कची खिडकीही त्याच कामाला येते. फेजच्या लगची रंगाची रेघ १००० किमीला बघा. आणि गिअरबॉक्सचं तेल २००० किमीला एकदा बदला. सिंक्रोची पूड त्यात उतरलेली असते. तेलाच्या चुंबकी बूचावर केसासारखे बारीक कण चालतील. नखाने उचलता येतील असे चकचकीत तुकडे दिसले तर गाडी तिथेच थांबवून इनपुट बेअरिंग बघा.